तपकिरी शेवाळ आणि सुरतेच्या फेऱ्या

चार माणसं एका छंदाच्या नादी लागली, की पहिल्या वर्षी मासे वाढतात, दुसऱ्या वर्षी शेवाळ वाढतं आणि तिसऱ्या वर्षापासून नुसते किस्से वाढत जातात. मासे कधी ना कधी मरतात. शेवाळ फडक्यानं पुसता येतं. किस्से मात्र माझ्याकडे अजून ढीगभर पडून आहेत आणि ते ज्यांच्यासोबत हसून सांगावेत त्या तिघांतलं कुणीच जवळ नाही. म्हणून आज तुम्हाला धरलंय!

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जळगावात घरी काचेची टाकी ठेवून मासे पाळणारी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतले आम्ही चौघं. मी शाळेत सायन्स शिकवायचे. नाना रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊन जळगावात घर बांधलेलं. पारसभाऊंचं कापडाचं दुकान. आणि आबा धुळ्याचे, काचवाले, बोलणं अस्सल अहिराणी. खिडक्यांच्या काचा कापायच्या, देवांच्या तसबिरींना फ्रेमा करायच्या आणि कुणी मागितलीच तर माशांची टाकी बनवून द्यायची, हा त्यांचा धंदा. आमच्या सगळ्यांच्या टाक्या आबांच्याच हातच्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कुणाच्या तरी घरी जमायचो. आबा धुळ्याहून एस.टी.नं यायचे. यजमानाची टाकी बघायची, तिला मनसोक्त नावं ठेवायची आणि मग वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. पारसभाऊंना वेगळी शेवेची भाजी, कांदा-लसूण न घालता. माझ्या मिस्टरांनी या जमावाला नाव दिलं होतं, 'शेवाळ मंडळ'. कारण आम्ही माशांवर पाच मिनिटं बोलायचो आणि शेवाळावर दोन तास!

*

माझं माहेर धुळ्याचं. दिवाळीला गेले होते, तेव्हा आबांच्या दुकानात टाकी दिसली आणि मी ती घेतली. धुळे ते जळगाव एस.टी.त मांडीवर धरून आणली. पारोळ्याला कंडक्टर जवळ आला.

"बाई, यात काय आहे?"

"काही नाही. रिकामी आहे."

"मग रिकामं काय म्हणून एवढं कवटाळून बसलाय?"

एरंडोल येईपर्यंत सगळी बस मला 'काय पाळणार, किती पाळणार, खाणार का' हे विचारत होती. मी आपली मान खाली घालून बसले. घरी आल्यावर वाळू घातली, पाणी भरलं, आठ मासे सोडले. दहाव्या दिवशी काचेवर तपकिरी थर! वाळूवर, दगडांवर, पंपाच्या नळीवर, सगळीकडे. मिस्टर म्हणाले, "मासे ठेवलेस की चहा उकळायला ठेवलास?"

मी सायन्सची शिक्षिका. घाण दिसली की धुवायची, एवढंच मला कळायचं. मासे बादलीत काढले, सगळी वाळू उकळली, काचा सोड्यानं घासल्या, नवं पाणी भरलं. दहा दिवसांनी परत तेच. परत धुतलं. परत तेच. असं मी चारदा केलं! पाचव्यांदा मासे बादलीत काढत होते तेव्हा नाना आले. थोडा वेळ दारात उभे राहून बघत होते.

"बाई, तुम्ही मासे पाळताय की टाकी धुण्याचं काम घेतलंय?"

मग त्यांनी समजावलं. हे शेवाळ नव्या टाकीत येतंच. पाणी मुरलं की आपोआप कमी होतं. तुम्ही दर वेळी सगळं धुऊन टाकी पुन्हा नवी करताय, मग ते जाणार कसं? काच तेवढी फडक्यानं पुसायची, चौथा हिस्सा पाणी बदलायचं, खाणं चिमूटभर द्यायचं आणि गप्प बसायचं.

यातलं गप्प बसणं मला सगळ्यांत अवघड गेलं.

*

एकदा आमची बैठक शाळेच्या लॅबमध्ये भरली. रविवार, शाळा बंद. मी त्या तपकिरी थराचा एक ठिपका काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला. होड्यांसारखे, पेट्यांसारखे नाजूक आकार, एकाहून एक सुंदर. मी तिघांना समजावलं, की ही एका पेशीची वनस्पती. पाण्यात आणि वाळूत जे सिलिका असतं ते ओढून ती आपल्याभोवती काचेचं घर बांधते. खरीखुरी काच. आपण जी पुसून टाकतो ती बारीक बारीक काचेची घरं असतात.

पारसभाऊंनी बघितलं. नानांनी बघितलं. मग आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला तो हलवेचनात. आम्ही वाट बघतोय. त्यांनी डोळा न काढताच विचारलं, "ताई, हाई खरंच काच शे?"

"हो आबा. तुमच्या दुकानात असते तीच."

"मंग ह्या तं मनाच धंदामां शेत!" आबा म्हणाले. "आनि मी येडा, सात वरीसपासून पुसी राहिनू!"

शेवाळ आबांच्याच धंद्यातलं निघालं! आम्ही हसत सुटलो. पण ते 'सात वरीस' माझ्या मनात अडकलं. आबांकडे निदान सात वर्षं जुनी टाकी होती. जुन्या टाकीत हे शेवाळ इतकं यायला नको. मी तसं म्हटलंही. आबा नुसते "येस ना, येस," म्हणजे 'येतं', एवढंच म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

*

पारसभाऊंचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्यांच्या टाकीतलं तपकिरी काही केल्या जाईना. नळी लावून तळाचा गाळ ओढायचे, काच पुसायचे, सगळं नीट करायचे. दोन दिवसांत टाकी जैसे थे! वर्षभर त्यांनी नगरपालिकेच्या पाण्याला शिव्या घातल्या.

शेवटी मी एक दिवस त्यांच्याकडे ठाण मांडून बसले. पारसभाऊंनी नळीनं गाळ बादलीत ओढला, बादली मोरीजवळ ठेवली आणि दुकानात गेले. त्यांच्या आई, आम्ही त्यांना माँजी म्हणायचो, आतून आल्या. स्वच्छ गाळणं घेतलं, बादलीतलं पाणी गाळून झाडांना घातलं. मग ते गाळणं हलक्या हातानं उलटं करून, वरून पाणी ओतून, त्यातला सगळा तपकिरी गाळ टाकीत परत सोडला!

त्यांच्या घराची रीतच ती. पाणी गाळलं, की गाळण्यात राहिलेले जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत सोडायचे, मोरीत मारायचे नाहीत. माँजी वर्षभर इमानेइतबारे ते करत होत्या.

पारसभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावर हात मारला. पण आईला 'सोडू नका' कसं म्हणणार? आणि खरं सांगू, मलाही ते म्हणवेना. एवढ्या मायेनं शेवाळाकडे बघणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

तोड नानांनी काढली. "माँजी, हे पाणी मुळात कुठलं? नळाचं. नळाला कुठून आलं? गिरणा नदीतून. मग गिरणेत सोडू या की!" माँजींना पटलं. तेव्हापासून पारसभाऊ दर रविवारी सकाळी स्कूटरवर झाकणाचा डबा घेऊन गिरणेला जायचे, पुलाखाली उतरायचे आणि शेवाळ पाण्यात सोडून यायचे.

एकदा तिथं त्यांच्या दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. पारसभाऊ वाकून, हळूच, काहीतरी पाण्यात सोडतायत हे त्यानं बघितलं. त्यानं चपला काढल्या, टोपी काढली, हात जोडले आणि जवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "पारसभाऊ, कोण गेलं?"

"कोणी नाही हो," पारसभाऊ गडबडून म्हणाले, "शेवाळ आहे!"

 गिऱ्हाईक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "होतं असं. दुःखात माणूस काहीही बोलतो."

*

नानांचंही ऐका. त्यांना फिल्टर करायचा होता. टाकीवर प्लॅस्टिकचा डबा ठेवायचा, पंपानं पाणी त्यात चढवायचं, डब्यात कापूस भरायचा आणि खालून पाणी गाळून टाकीत पडू द्यायचं. शेवाळाचे कण कापसात अडकतील, असा हिशेब. आता कापूस म्हटल्यावर खान्देशातला माणूस तो मेडिकल स्टोअरमधून विकत आणेल का? नानांनी ओळखीच्या जिनिंगमधून पिशवीभर आणला. तोही सरकी न काढलेला!

दोन दिवस कापूस पाणी आतच घेईना, नुसता तरंगत राहिला. तिसऱ्या दिवशी भिजला. नाना खूश. आठवड्यानं आम्ही त्यांच्याकडे गेलो तर शेवाळ होतं तिथंच होतं आणि डब्यातून हिरवी पानं वर आली होती. दोन-दोन पानांचे आठ-दहा कोंब, टवटवीत!

नानांनी जराही न चपापता आम्हाला बसायला सांगितलं. "शेवाळाचं पुढं बघू. सध्या कपाशी चांगली आहे!"

*

आता आबा.

आम्ही तिघं एकदा धुळ्याला त्यांच्याकडे गेलो. पांझरा नदीपासून जवळच घर, पुढं दुकान, मागं दोन खोल्या. आबांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झालेली. माझी समजूत होती, की काचवाल्याची टाकी म्हणजे दुकानात दर्शनी असणार. तर ती होती सगळ्यांत मागच्या खोलीत. तिथं खिडकी नाही, भर दुपारी दिवा लावावा लागतो. काचेवर तपकिरी थर असा, की आतले दोन गोल्डफिश सावल्यांसारखे दिसत होते. आबांनी आम्हाला बसवलं आणि आधी फडकं घेऊन समोरची काच पुसली, तेव्हा कुठं मासे दिसले.

मी लगेच मास्तरीण झाले. "आबा, इथं हे शेवाळ येणारच! हिरव्याला ऊन लागतं, याला असा अंधूक उजेडच आवडतो. टाकी पुढं खिडकीशी न्या. महिन्यात जाईल बघा."

"नई," आबा म्हणाले.

"अहो, आम्ही तिघं आहोत. आत्ता उचलू."

"नई, ताई. टाकी तिनी जठे ठेयेल शे, तठेच ऱ्हाई."

तेव्हा आम्हाला कळलं. ती म्हणजे विमल, आबांची एकुलती एक मुलगी. मॅट्रिक पास झाली तेव्हा आबांनी तिला ही टाकी करून दिली होती. मासे तिचे, खोली तिची. पुढं तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि सुरतेला गेली. जाताना आबांच्या पाया पडायला आली, तेव्हा आबा बोलून गेले, "मना दारमां परत पाय ठेऊ नको." तिनं तो शब्द पाळला. सात वर्षं ना पत्र, ना फेरी.

"मीच बोलनू ना," आबा म्हणाले. "आते कसं बलाऊ?"

ते रोज सकाळी त्या खोलीत जाऊन काच पुसायचे. मुलगी परत यावी एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती आणि तेवढीच एक गोष्ट त्याच्या तोंडून निघत नव्हती. मी त्या दिवशी सगळ्या शेवाळशास्त्राला हात जोडले. पारसभाऊ उठून बाजारात गेले, एक ट्यूबलाइट घेऊन आले आणि टाकीवर बसवून दिली. शेवाळ थोडं कमी झालं असावं. आम्ही विचारलं नाही.

*

पारसभाऊंचा माल सुरतेहून यायचा. त्यांनी तिथल्या ओळखीनं विमलचा पत्ता काढला. उधन्याला, सुरतेच्या अगदी अलीकडच्या स्टेशनाजवळ राहते, नवरा कापड मार्केटात नोकरीला. दुकानाच्या कार्डामागं पत्ता लिहून त्यांनी तो आबांच्या हातात दिला. आबांनी वाचला, घडी न करता वरच्या खिशात ठेवला आणि विषय बदलला.

मग आमच्या मंडळात पहिल्यांदाच एक कट शिजला. सुरतेला रंगीत मासे चांगले मिळायचे आणि आणायचे आबाच. धुळ्याजवळच्या नरडाण्याहून पॅसेंजरनं जायचे. तर ठरलं असं, की आपण आबांना दर महिन्याला मासे आणायला पाठवायचं. दहा वेळा उधन्यावरून गेले तर एकदा तरी उतरतील!

मागायचं काय? सकर मासा. काचेला तोंड लावून शेवाळ खातो तो. निमित्त उत्तम होतं. मी दोन मागवले. पारसभाऊंनी दोन मागवले. नानांनी तीन. आबा आणून द्यायचे. सुरतेत ऊन किती होतं, गाडीत गर्दी किती होती, ऑक्सिजन भरलेली पिशवी कुणी कशी सांडवली असती, सगळं रंगवून सांगायचे. उधन्याचं नाव नाही. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा ऑर्डर द्यायचो.

सहा महिन्यांत माझ्या टाकीत सात सकर झाले. काच आरशासारखी! वाळूचा कण न् कण लख्ख. आणि मग लक्षात आलं, की सात जणांना खायला शेवाळच उरलेलं नाही. काकडीचे काप टाकून बघितले, पण त्यावर भागेना. जी बाई दोन वर्षं शेवाळ मारत होती, ती आता टाकीवरची ट्यूब बंद करून, खिडकीला पडदा लावून शेवाळ वाढवत बसली!

एक दिवस पारसभाऊंचा दुकानातून फोन आला. आवाज अगदी बारीक. "मॅडम, थोडं तपकिरी शेवाळ असेल का तुमच्याकडे? माझे उपाशी आहेत हो."

पुढच्या रविवारी माझ्याकडचे दोन तपकिरी दगड घेऊन ते गेले. माँजींनी म्हणे त्या दगडांचं स्वागत केलं.

*

शेवटचा उपाय नानांनी केला आणि तो त्यांना फार महाग पडला.

नाना पूर्वी त्याच लाइनवर गार्ड होते. कुठली गाडी कुठं किती वाजता, हे टाइमटेबल न बघता सांगायचे. अख्खं जळगाव त्यांना विचारायचं. आबा परतीची गाडी नानांनाच विचारून जायचे. एकदा नानांनी आबांना मुद्दाम चुकीची वेळ सांगितली. गाडी उधन्याहूनच सुटते, दुपारी एकला, म्हणून सांगितलं. खरं तर ती सहाला होती. पाच तास माणूस काय करेल? खिशात पत्ता आहे, घर वीस मिनिटांवर आहे. जाईलच ना!

नानांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. उभ्या आयुष्यात या माणसानं चुकीची वेळ सांगितली नव्हती.

पुढच्या रविवारी आबा आले. पिशवीतले मासे टाकीत सोडले, हात पुसले आणि नानांच्या समोर बसले.

"मासा बठ्ठा जित्ता शेत," ते म्हणाले. "पन नाना, तुमना टाइम चुकना. पाच घंटा बठी राहिनू ना मी उधनाना बाकवर!"

"बाकावरच?" नानांनी विचारलं.

"मंग कठे जासू?"

 नानांनी त्या दिवशी भरीत घेतलं नाही. त्यानंतर कुणी गाडी विचारली की म्हणायचे, "स्टेशनवर चौकशी करा. माझं आता चुकतं."

*

आज माझ्याकडे टाकी नाही. स्टँड आहे, त्यावर मिस्टरांची औषधं असतात. नाना गेले. पारसभाऊ मुलाकडे पुण्याला राहायला गेले, दिवाळीला फोन करतात आणि फोनवर आम्हाला काय बोलावं ते सुचत नाही. माँजी त्याच्या कितीतरी आधी गेल्या. आबांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. महिन्याचा पहिला रविवार आला, की मी अजूनही सवयीनं एक वांगं जास्त भाजते. मला ते तिघं फार आठवतात. त्यांची शहाणपणाची बोलणी नाही आठवत, टाकीच्या काचेला नाक लावून उभी असलेली तीन डोकी आठवतात.

तर हा आता शेवटचा. आम्ही आबांना सुरतेच्या ऑर्डरी देणं बंद केलं होतं. नानांचं ते झाल्यावर आमची हिंमतच खचली. चार-पाच महिने तसेच गेले. मग एका रविवारी, बैठक माझ्याकडे होती, आबा आले ते दुपार टळल्यावर. आम्ही जेवायचे थांबलो होतो. हातात माशांची पिशवी नाही, काही नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि उजवी बाही कोपरापर्यंत तपकिरी डागांनी भरलेली!

पारसभाऊ कापडवाले, त्यांना आधी शर्टच दिसला. "आबा, हे काय करून घेतलं?"

"काल सुरतले जाई उनू," आबा म्हणाले.

आम्ही कुणीही काहीही मागवलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी पाणी प्यायलं, बाही खाली ओढून बघितली, पुन्हा वर केली. 

आबांनी थोडक्यात सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर घर. दार उघडंच होतं. विमल समोर आली, बघितलं आणि तशीच उभी राहिली. 'या' म्हणाली नाही.  आबांनी आत बघितलं तर भिंतीशी, जिन्याच्या अंधाऱ्या बाजूला, एक टाकी होती. चारी काचा तपकिरी, आत मासा आहे की नाही तेसुद्धा दिसेना.

"मंग?" नानांनी विचारलं. नाना एरवी अहिराणी बोलायचे नाहीत.

"मंग मी इचारं, जुनं फडकं शे का घरमां?"

आठ वर्षांनंतर बापानं मुलीला विचारलेला पहिला प्रश्न हा! तिनं आतून फडकं आणून दिलं. आबा बाही वर न करताच पुसायला लागले. पुढची काच. मग डावीकडची. विमल टाकीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. पाणी गढूळ झालं, तिनं बादली आणली. निम्मं पाणी दोघांनी मिळून काढलं, नवं भरलं. आबा म्हणाले, तासभर लागला. मागची काच पुसून झाली तेव्हा पाणी जरा निवळलं होतं आणि पलीकडची विमल त्यांना टाकीतून दिसली.

 इथं आबांनी तांब्या उचलला, रिकामा आहे हे बघून खाली ठेवला.

"चष्मा लागना तिले," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी ते लपवलं नाही. पारसभाऊ खिडकीबाहेर बघत होते. नानांनीच शेवटी विचारलं, "पण ती काही बोलली की नाही, आबा?"

"बोलनी ना. मी हात धोवाले उठनू, तवय बोलनी, 'आबा, तो कोपरा ऱ्हायी गया.'"

"मग? पुसला?"

"नई," आबा म्हणाले आणि भाकरीचं ताट स्वतःकडे ओढलं. "मी बोलनू, ऱ्हाऊ दे. पुढला महिनामां परत येसू, तवय पुससू."